तोंडी तक्रारीने रिकॉल होत नाही

मंडळी, आजचा विषय 'गाडीतला दोष आणि फुकट दुरुस्ती' असा छापलाय, पण सुरुवात करतो एका किल्लीपासून.

जनरल मोटर्सच्या काही छोट्या गाड्यांमध्ये, कोबाल्ट ही त्यांतली एक, इग्निशन स्विचची पकड ढिली होती. किल्लीला जड जुडगा असला, खड्ड्यात दणका बसला किंवा नुसता गुडघा लागला, तरी किल्ली मागे फिरायची. धावत्या गाडीचे इंजिन बंद. स्टिअरिंग जड, ब्रेक जड. आणि त्या अवस्थेत गाडी आदळली, तर एअरबॅग उघडायची नाही.

तक्रारी 2005च्या आधीपासून येत होत्या. कंपनीने डीलरांना काय कळवले? गिऱ्हाइकाला जुडग्यातल्या जड वस्तू काढायला सांगा! पुढे 2006मध्ये तिथल्याच एका इंजिनिअरच्या मंजुरीने स्विच सुधारला गेला, पण सुट्या भागाचा क्रमांक जुनाच ठेवला. त्यामुळे जुना स्विच कुठला, नवा कुठला, हे कागदावरून कळेना. अखेर एका मृत तरुणीच्या आईवडिलांच्या वकिलाने तज्ज्ञाकडून दोन्ही स्विच उघडून शेजारीशेजारी ठेवले, तेव्हा फरक दिसला. 2014मध्ये सुमारे 26 लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या गेल्या, म्हणजे रिकॉल झाल्या. कंपनीच्या भरपाई निधीने 124 मृत्यू मान्य केले. स्विच बदलायचा सुटा भाग एका डॉलरहूनही स्वस्त होता. या सगळ्या प्रकाराला मी चूक म्हणत नाही, लपवाछपवी म्हणतो.

आता आपल्याकडे या. 2012पासून वाहन उद्योगाची स्वेच्छेची आचारसंहिता होती. कायद्याचा आधार मिळाला तो 2019च्या दुरुस्तीने, मोटार वाहन कायद्याच्या कलम 110-अ मधून. नियम 1 एप्रिल 2021पासून लागू झाले. दोष कंपनीने स्वतःहून कळवून गाड्या परत घेतल्या तर दंड नाही. सरकारला आदेश द्यावा लागला, तर 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत. मोठ्या कंपनीला हा दंड म्हणजे एका जाहिरातीचा खर्च, हे माझे मत.

खरी मेख पुढे आहे. वर्षाला 10 हजारांहून जास्त खपणाऱ्या मोटारीबाबत सरकारी यंत्रणा हलायची, तर 1,250 तक्रारी लागतात, आणि गाडी सात वर्षांच्या आतली हवी. या तक्रारी परिवहन पोर्टलवर नोंदलेल्या हव्यात. आपण मात्र मेकॅनिकशी बोलतो, सोसायटीच्या पार्किंगमध्ये वैतागतो, आणि "सगळ्याच गाड्यांना असं होतं" हे ऐकून पैसे भरून घरी येतो. अशा हजार तक्रारी झाल्या तरी नोंद शून्य.

कंपनीने स्वतः रिकॉल जाहीर केले तरी सावध राहावे लागते. सप्टेंबर 2021मध्ये मारुतीने सियाझ, अर्टिगा, ब्रेझा वगैरे 1,81,754 पेट्रोल गाड्यांचे मोटर जनरेटर युनिट तपासायला घेतले. बदलून द्यायची सुरुवात नोव्हेंबरात. तोवर गाडी साचलेल्या पाण्यातून नेऊ नका, अशी सूचना. ऐन सप्टेंबरात, मुंबईत! तरीही कंपनीने उघडपणे सांगितले, याचे श्रेय द्यायलाच हवे.

गाडी सेकंडहँड घेतली असेल तर पत्र बहुधा पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाईल. रिकॉल मात्र गाडीचे असते, मालकाचे नव्हे. वॉरंटी संपली म्हणून रिकॉलच्या कामाचे पैसे कुणी मागितले, तर देऊ नका. नकार लेखी मागा.

तेव्हा उद्या आरसी काढा, त्यावरचा 17 अक्षरी चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. दोष वारंवार दिसत असेल तर जॉबकार्डवर तुमच्याच शब्दांत लिहवून घ्या, त्याची प्रत ठेवा, आणि परिवहन पोर्टलवर तक्रार नोंदवा. ज्येष्ठ मंडळींना हे मोबाइलवर जमत नसेल, तर घरातल्या मुलांनी करून द्यावे, एवढी विनंती.