शनिवारी रात्री माझी 'मीटिंग' असते

(ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे शब्दांकन. बोलणं बऱ्यापैकी जसंच्या तसं ठेवलंय.)

कोणी ईऑनमधून सुटून घरी निघालं असेल, कोणी खराडी बायपासच्या सिग्नलला अडकलं असेल. असू दे, तेवढ्यात आपलं बोलून होईल.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. नोकरी, ईएमआय, लग्न, पोरंबाळं या सगळ्यात गेमला आणि मॅचला वेळ काढायचा कसा? मी चौतीस वर्षांचा, खराडीत राहतो, चार वर्षांची मुलगी आहे आणि लिव्हरपूलचा फॅन आहे. म्हणजे हा प्रश्न मला दर आठवड्याला पडतो. आणि जवळपास दीड वर्ष मी त्याचं चुकीचं उत्तर काढत होतो. तेच आज सांगायचंय.

आधी जरा मागे जाऊ. ७ मार्च २०१८, बुधवार. एफसी पुणे सिटी पहिल्यांदाच आयएसएलच्या सेमीफायनलला पोचली होती, समोर बंगळुरू. मी ऑफिसात 'दाताची अपॉइंटमेंट आहे' अशी थाप मारली आणि खराडीहून बालेवाडीला गेलो. म्हणजे अख्खं पुणं आडवं पार केलं! मॅच ०-० झाली. बंगळुरूच्या लेगमध्ये छेत्रीने हॅटट्रिक मारली, ३-१, खेळ खल्लास. पुढच्या वर्षी, २०१९ ला, क्लबच बंद पडला. त्या जागी हैदराबादची टीम आली आणि २०२२ ला आयएसएल जिंकून मोकळीही झाली.

हे का सांगतोय? कारण आपल्या शहराचा क्लब असला की मॅच संध्याकाळी असते. घरी सांगून जायचं, बाराच्या आत परत. तो क्लब गेला आणि आमचं सगळं प्रेम युरोपच्या घड्याळावर चालायला लागलं. इंग्लंडमधली दुपारी तीनची मॅच आपल्याकडे साडेसातला. ऑक्टोबरच्या शेवटी तिकडची घड्याळं मागे गेली की तीच साडेआठला. हिवाळ्यात चॅम्पियन्स लीग रात्री दीडला सुरू होते, संपते साडेतीनला, आणि नऊला स्टँडअप मीटिंग. वर गेम. ईए एफसी २४ मध्ये वीकेंड लीगच्या वीस मॅच होत्या. एकीला वीस मिनिटं धरली तरी जवळपास पावणेसात तास झाले! तेही पॉज न करता येणारे.

हा वेळ आणायचा कुठून? मी चोरायला लागलो. झोपेतून, बायकोच्या वाट्यातून, आणि आप्पांच्या फोनमधून.

आप्पा, म्हणजे माझे वडील, गावी असतात, नगर जिल्ह्यात. शनिवारी जेवण उरकलं की नऊच्या सुमारास फोन करायचे. साडेसातची मॅच असेल तर नऊ-सव्वानऊला शेवटची दहा मिनिटं चालू असतात. मी फोन कट करायचो आणि मेसेज टाकायचो, 'मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो.' मॅच संपली की कंट्रोलर हातात. नंतर काही यायचंच नाही. हळूहळू शनिवारचा फोन बंद झाला. खरं सांगू? मला बरंच वाटलं.

मग दिवाळीत गावी गेलो. अंगणात आप्पा शेजारच्या काकांना सांगत होते, "शनिवारी रात्रीसुद्धा मीटिंगा असतात पोराला. कंपनी लई राबवून घेती." बोलण्यात कौतुक होतं आणि काळजीही होती. आणि त्याच गप्पांत मला कळलं की सप्टेंबरमध्ये त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. सोबत चुलतभाऊ गेला होता. मला विचारायला त्यांनी फोन केला होता. शनिवारी. मी मीटिंगमध्ये होतो ना!

त्या रात्री ओसरीवर बसून सगळं सांगून टाकलं. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मॅच आहे म्हणायचं की मग. मी नव्हतो का ट्रान्झिस्टर घेऊन उसाला पाणी देत बसत? बाळ ज. पंडितांची कॉमेंट्री लागली की तुझी आई हाका मारून थकायची. मी म्हणायचो, थांब, मॅच चालूय. पण मोटर बिघडलीय असं तिला कधी सांगितलं नाही."

मंडळी, मला ते फार लागलं. आप्पांना मॅचचं काहीच वाटलं नव्हतं. त्यांना लागली होती थाप.

पुण्याला परत आल्यावर बायकोसमोर बसलो आणि सगळं मांडलं. ती म्हणाली, "अरे, मला मॅचचा त्रास नाहीये. तू कधी मोकळा होणार हेच कळत नाही, त्याचा त्रास होतो." तेव्हा डोक्यात एक गोष्ट नीट बसली. मॅच कोणासाठी थांबत नाही, पण दोन तासांत संपते. गेम थांबतो, पण संपत नाही. त्यामुळे दोघांसाठी वेगळा हिशोब लागतो.

मॅचचं असं ठरलं: आठवड्याला एकच लाइव्ह. रविवारी रात्रीच फ्रिजवरच्या कॅलेंडरवर वार आणि वेळ लिहायची. त्या बदल्यात रविवारची सकाळ बायकोची, ती बॅडमिंटनला जाते आणि मुलगी माझ्याकडे. रात्री दीडच्या मॅच फक्त नॉकआउटला. बाकीच्या सकाळी, नोटिफिकेशन बंद ठेवून.

गेमचं असं: वीकेंड लीग सोडली. मंगळवार आणि गुरुवार, मुलगी झोपल्यावर दीड तास, आणि पॉज करता येईल असाच गेम. विचर ३ आला २०१५ ला, मी आत्ता कुठे अर्ध्यात पोचलोय! ऑफिसच्या ग्रुपवर माझी टिंगल होते. रँक गेली, स्क्वॉड गेला. त्याचं वाईट वाटतं, नाही असं नाही. पण चोरून खेळताना अर्धा कान दाराकडे असायचा, तो आता नसतो.

तुम्हीही एक करून बघा. या आठवड्यात एक मॅच किंवा एक गेम घरी आधी सांगून ठेवा. कधी सुरू, कधी संपणार. आणि संपली की खरंच उठा.

आता शनिवारी आप्पांचा मेसेज येतो, 'आज किती वाजता?' मी लिहितो, 'साडेसातला.' मग बरोबर सव्वाआठला, हाफटाइमला, फोन वाजतो. पंधरा मिनिटं असतात आमच्याकडे. पाऊस, ऊस, डोळा, नात, सगळं होतं त्यात. आणि शिट्टी वाजायच्या आधी तेच म्हणतात, "ठेव आता, तुझी सुरू होईल."

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.