वाचवलेलं पाखरू कुणाचं?
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



सिद्धार्थाने पक्षी वाचवला ही गोष्ट आपल्या प्रत्येक लेकराला पाठ आहे. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ती घेतली आहे. देवदत्त म्हणाला, पाडला मी, म्हणून माझा. सिद्धार्थ म्हणाला, रक्षण करणाऱ्याचा. लवादाने सिद्धार्थाचे म्हणणे मान्य केले.

या निकालाचा आपल्याकडे काहीजण सोयीचा अर्थ काढतात. वळवाच्या वाऱ्यात पोपटाचं पिल्लू खाली पडतं. घरी आणतात, बरं करतात आणि मग पिंजरा विकत आणतात! विचारलं तर म्हणतात, "आम्ही वाचवला, मग आमचाच की." अहो, हा तर देवदत्ताचाच हट्ट झाला. रानपोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेही अनेकांना ठाऊक नसते.

आता करायचे काय ते सांगतो. सिद्धार्थाने पक्षी उपरण्यात गुंडाळून छातीशी धरला, त्याला ऊब दिली. आजही पहिला उपचार तोच. सुती कापड अलगद टाकायचं, पंख अंगाशी मिटवून धरायचं आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवायचं. पोरांनी भोवती गर्दी करायची नाही. भीतीनेसुद्धा पाखरू मरतं. सिद्धार्थाने पाणी पाजले असेही ग्रंथात आहे, पण आपण चोचीत पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. दूध-भाकरी तर नकोच. करुणेला प्रज्ञेची जोड हवी असे बाबासाहेब सांगतात, ते इथे लागू पडते. घारीच्या नखांपासून हात जपा, बगळ्याच्या चोचीपासून डोळे.

पंखात मांजा अडकला असेल तर ओढू नका. ओढला की तो आणखी आत कापतो. दोन्हीकडून कात्रीने तोडा आणि जखमेत रुतलेला डॉक्टरांसाठी राहू द्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातोच. आपल्या पोरांच्या चकरीत काय आहे ते आपणच बघायला पाहिजे.

पंख फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू मात्र जखमी नसेल तर उचलू नये. आई-बाप जवळच असतात, चारा घालतात. मांजराची भीती असेल तर शेजारच्या फांदीवर ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकते, ही समजूत खोटी आहे.

आणि घुबड! सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात गव्हाणी घुबड रात्रभर उंदीर मारतं. पण जखमी होऊन दारात पडलं की लोक अपशकुन म्हणून दगड घेतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही हे घडावं याचं मला वाईट वाटतं. पोपटाला एक न्याय आणि घुबडाला दुसरा, असं चालायचं नाही.

वनखात्याचा मोफत दूरध्वनी १९२६ आहे. तोही लागला नाही तर तालुक्याचा जनावरांचा दवाखाना गाठा. समितीला एक विनंती करतो. हा क्रमांक विहाराच्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहावा आणि एक रिकामा खोका व जुनं धोतर कपाटात कायम ठेवावं. धोतर मी उद्याच आणून देतो. जय भीम!