शिक्षा कोणाला?



आपल्या छत्रपती संभाजीनगरातून जळगावच्या रस्त्याला लागले की हर्सूल येते. तेथे तलाव आहे, हरसिद्धी मातेचे देऊळ आहे, नवरात्रात जत्राही भरते. परंतु वर्तमानपत्र वाचणाऱ्याला हर्सूल म्हटले की आठवतो तो मध्यवर्ती तुरुंग. ‘आरोपीची हर्सूलला रवानगी’ हे शब्द आपण इतक्या वेळा वाचले आहेत, की पुढचा प्रश्न आपल्याला सुचतच नाही. आरोपी हर्सूलला गेला. त्याची मुले कोठे गेली?

आई तुरुंगात असली तर तिच्या मुलाविषयी कायद्याने काही विचार केला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली उपाध्याय खटल्यात सांगितले, की सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला आईजवळ राहता येईल, पण त्याला कैदी म्हणून वागवू नये. इतकेच नव्हे, तर मूल तुरुंगात जन्मले तरी जन्माच्या दाखल्यावर तुरुंगाचे नाव लिहू नये. हा कलंक आयुष्यभर पुरतो, हे न्यायमूर्तींनी ओळखले होते.

परंतु बहुसंख्य कैदी पुरुष असतात, आणि त्यांची मुले भिंतीच्या बाहेर असतात. त्यांची नोंद कोण ठेवतो? घरची मजुरी बंद होते. वकिलासाठी कर्ज होते. आई दिवसभर कामाला जाते, म्हणून थोरली मुलगी शाळा सोडून धाकट्याला सांभाळते. आपल्या मराठवाड्यात आई ऊसतोडीला गेली, तर मुलेही कोयत्यामागे जातात. शिक्षा बापाला झाली, भोगतात मुले.

अशा वेळी आपल्यासारख्या सज्जनांच्या मनात पहिला विचार येतो तो आश्रम काढण्याचा. हेतू चांगला, यात शंका नाही. ज्याला खरोखरच कोणी नाही, त्याला आश्रम हवाच. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. ज्याची आजी जिवंत आहे, काका धडधाकट आहे, त्याला घरातून उचलून आणणे म्हणजे बापापाठोपाठ उरलेले घरही हिरावून घेणे होय.

यासाठी साधनही आहे. राज्य शासनाची बालसंगोपन योजना २००५ पासून चालू आहे. २०२३ पासून तिची रक्कम एका मुलामागे दरमहा २२५० रुपये झाली. तुरुंगात असलेल्या पालकांच्या मुलांनाही ती लागू होते. पण त्यासाठी कागद लागतात, बँकेचे खाते लागते, बाल कल्याण समितीपुढे जावे लागते. अक्षरशत्रू आजीने हे कसे करावे? येथेच स्थानिक संस्थेचे काम सुरू होते. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९९० साली ‘प्रयास’ सुरू केला. अमरावतीत ‘वऱ्हाड’ ही संस्था कैद्यांच्या कुटुंबांत काम करीत आली. त्यांच्या कामात इमारतींपेक्षा पायपीट जास्त आहे.

कोणी विचारील, ज्यांच्यावर गुन्हा घडला, त्यांच्या मुलांचे काय? प्रश्न रास्त आहे. त्या घराचे दार आधी ठोठवावे, असेच आम्ही म्हणू. पण एका मुलाचे डोळे पुसण्यासाठी दुसऱ्याला रडविण्याची गरज नाही. दोघांनीही काही केलेले नाही.

संस्थेचे मोठेपण तिच्या छपराखाली किती मुले आहेत यावर मोजू नये. ती निघून गेल्यावर किती घरे आपल्या पायांवर उभी राहिली, यावर मोजावे. आणि ते घर केवळ पैशावर उभे राहत नाही. शेजारी लागतात, गुरुजी लागतात. ‘कैद्याचा पोर’ हा शब्द कोणत्याही न्यायालयाने दिलेला नाही. तो आपल्या आळीत दिला जातो.

म्हणून संस्था काढण्याची ऐपत नसली, तरी निदान एवढे करू या. उद्या आपल्या आळीतल्या कोणाची हर्सूलला रवानगी झाली, तर संध्याकाळी त्याच्या घरी जावे आणि मुले जेवली का, उद्या शाळेत जाणार का, एवढे विचारावे.