एक चुकलेलें मैदान

विमान जमिनीला टेकलें कीं प्रवास सुखरूप संपला, अशी सर्वसाधारण समजूत असते. १९३० सालच्या मे महिन्यांत रंगूनजवळ झालेला एक लहानसा अपघात ही समजूत किती फसवी आहे तें चांगलें दाखवितो.

ॲमी जॉन्सन ही सव्वीस वर्षांची इंग्रज तरुणी ५ मे रोजीं क्रॉयडनहून एकटीच ऑस्ट्रेलियाकडे निघाली. तिच्या लहानशा जिप्सी मॉथ विमानाचें नांव ‘जेसन’. लंडनहून हल येथील आपल्या घरापर्यंत, याहून लांबचें उड्डाण तिनें एकटीनें पूर्वीं केलेलें नव्हतें. यंत्राचें ज्ञान मात्र पक्कें. विमानदुरुस्तीचा परवाना मिळविणारी ती ब्रिटनमधील पहिलीच स्त्री. सहाव्या दिवशीं ती कराचीस उतरली, तेव्हां बर्ट हिंक्लरच्या १९२८ सालच्या उड्डाणापेक्षां ती दोन दिवस पुढें होती. हिंक्लरनें साडेपंधरा दिवसांत ऑस्ट्रेलिया गांठला होता. तो विक्रम आतां मोडणार, असें सर्वांस वाटूं लागलें.

१३ मे रोजीं कलकत्त्याहून निघून तिला रंगूनच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर उतरावयाचें होतें. ब्रह्मदेशावर पाऊस कोसळत होता, आणि विमानांत बिनतारी यंत्र नव्हतें. शहराच्या उत्तरेस इन्सीन येथें एका तांत्रिक विद्यालयाचें खेळाचें मैदान तिला दिसलें. तेंच शर्यतीचें मैदान, असें समजून ती खालीं आली.

येथें मॉथची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. या विमानाच्या चाकांना ब्रेक नव्हते. जमिनीवर त्याचा वेग कमी होई तो बहुतांशीं शेपटीखालच्या दांड्याच्या घर्षणानें, आणि ओल्या गवतावर असें घर्षण तें किती होणार? शिवाय वैमानिक मागच्या जागेवर बसे. शेपटी खालीं टेकली कीं नाक वर उठून समोरचें कांहींच दिसेनासें होई. शर्यतीच्या विस्तीर्ण मैदानावर हें सारें निभावून गेलें असतें. हें मैदान आंखूड, आणि त्याच्या कडेला चर! जेसन धांवत गेलें तें थेट त्या चरांत. प्रॉपेलर मोडला, एक पंख व चाकांचा सांगाडा दुखावला. ॲमीला इजा झाली नाहीं.

दोष पावसाला देणें सोपें आहे. पण मैदान चुकलें नसतें, तर ब्रेकची उणीव कोणाच्या ध्यानींही आली नसती.

विद्यालयांतील मंडळी तत्काळ मदतीस धांवली. महायुद्धांतून उरलेल्या विमानाच्या कापडाचे कोणीं सदरे शिवले होते; ते फाडून पंखाला ठिगळें लावलीं, असें सांगतात. जादा प्रॉपेलर तिनें दूरदृष्टीनें बरोबर आणलाच होता. १६ मे रोजीं जेसन पुन्हां उडालें. पण मिळविलेले दोन दिवस त्या चरांत गेले होते. २४ मे रोजीं ती डार्विनला उतरली. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियास एकटीनें जाणारी पहिली स्त्री हा मान तिला लाभला. हिंक्लरचा विक्रम मात्र अबाधित राहिला.

पुढें पांचच दिवसांनीं, ब्रिस्बेनला स्वागतासाठीं जमलेल्या गर्दीसमोर उतरतांना, जेसन मैदान ओलांडून गेलें आणि उलटलें. सिडनीपर्यंतचा प्रवास ॲमीनें दुसऱ्याच्या विमानांत बसून केला.