दाखल्याविना पडदा
(संघटनेच्या मासिक बैठकीतलं बोलणं, थोडं आवरून)



ठरल्याप्रमाणे आम्ही तिघं फेब्रुवारीत मुंबईला, प्रभादेवीला जाऊन आलो. दादर स्टेशनात उतरून चालत गेलो. पिक्चर बघायला संघटनेचे पैसे का खर्च केले, असं काहींनी विचारलं. विचारलं ते बरं केलं. हिशोब द्यायलाच उभे आहोत.

मुंबईत १९९० पासून सरकार माहितीपटांचा महोत्सव भरवतं. माहितीपट म्हणजे नटनट्यांचा पिक्चर नव्हे. खरी माणसं, खरी घटना. या वेळी म्हणजे २००४ च्या महोत्सवासाठी नियम निघाला : आपल्या देशातल्या फिल्मला सेन्सॉरचा दाखला पाहिजे, परदेशी फिल्मला नको. ऐकून आम्हाला फॉरेस्टचा नाका आठवला. ठेकेदाराचा ट्रक सुटतो आणि मोळीवाल्या बाईला अडवतात.

देशभरातले फिल्मवाले एक झाले, विरोध केला. नियम मागे घ्यावा लागला. पण नंतर निवडीत बऱ्याच बोलक्या फिल्मा गळाल्या. २००२ च्या गुजरातच्या कत्तलीवरची राकेश शर्मांची 'फायनल सोल्यूशन' त्यातलीच. नियम गेला, चाळणी राहिली. आपल्या प्लॉटच्या दाव्यांचंही हेच चालतं. नाही असं तोंडावर कोणी म्हणत नाही, 'पुरावा अपुरा' म्हणतात.

मग ते रडत बसले नाहीत. तिथंच प्रभादेवीला भूपेश गुप्ता भवनात त्यांनी आपला महोत्सव लावला. नाव 'विकल्प'. पन्नासाहून जास्त फिल्मा, दाखला कुणालाच विचारला नाही. आम्हाला खुर्ची मिळाली नाही, भिंतीला टेकून बघितलं.

हा सगळा गिरण्यांचा भाग. १९८२ च्या संपानंतर कामगार उठला, आता चिमण्यांच्या शेजारी टॉवर चढतायत. तिथं पडदा लागला हे आम्हाला आवडलं. पण एक गोष्ट खटकली. बोलणं बरंचसं इंग्रजीत. पडद्यावर गरीब माणूस, समोर शिकलेला माणूस.

हा प्रश्न जुना आहे. आनंद पटवर्धनांनी १९८५ साली मुंबईच्या झोपड्या तोडण्यावर 'हमारा शहर' केली. तिच्यात एक बाई फिल्मवाल्यालाच फैलावर घेते : तुमच्या फिल्मनं आमचं काय भलं होणार? त्यांनी ते कापलं नाही, तसंच ठेवलं. आणि १९८६ मध्ये कुलाब्याच्या बाजूच्या संजय गांधी नगरची घरं तोडली, तेव्हा त्या लोकांसोबत उपोषणालाही बसले. पुढे १९९५ साली सिमंतिनी धुरू आणि त्यांनी 'नर्मदा डायरी' केली. बुडितात जाणाऱ्या आपल्या भावाबहिणींची ती गोष्ट. ती आपल्यातल्या किती जणांनी बघितली? हात वर करा. बघा, एकही नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं. कॅमेरा घेऊन पाड्यावर कोणी आलं, तर आधी गावसभेत बसावं. फिल्म झाली की पहिल्यांदा पाड्यावर दाखवावी, मग मुंबईला न्यावी, परदेशी न्यावी. आणि एक प्रत संघटनेकडे ठेवावी. उद्या गार्ड म्हणाला की इथं शेत नव्हतंच, तर म्हाताऱ्यांचं बोलणं आणि उभं पीक दाखवता येईल.

कोणी म्हणेल, मग आपणही सेन्सॉरच झालो की! तसं नाही. सेन्सॉर म्हणतं, दाखवू नका. आपण म्हणतो, आम्हालाही दाखवा.

खर्च तिघांच्या भाड्याचा आणि जेवणाचा. पावत्या खजिनदाराकडे दिल्यात. त्या बदल्यात एवढं शिकून आलो : दार बंद झालं तर शेजारी आपली ओसरी उघडायची. पावसाआधी शाळेच्या भिंतीला पांढरी चादर लावून 'नर्मदा डायरी' दाखवायची का, जनरेटर कुणाचा आणायचा, हे आजच ठरवू.

जिंदाबाद!