न गंजणाऱ्या पोलादाला भोक कसं पडतं?
(नाशिक येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



मालेगाव, नांदगाव, येवल्याकडचे आपण कोरडवाहू शेतकरी. कपाशीला एखादं संरक्षित पाणी मिळावं म्हणून कर्ज काढून बोअर घेतो, त्यात 'स्टेनलेस'ची मोटर सोडतो. काही हंगामांनी मोटर वर काढावी तर जोडाजवळ सुईच्या टोकाएवढी भोकं. दुकानदार म्हणतो, 'गॅरंटी बसत नाही, तुमचं पाणी खारट.' पैसे मोजून घेताना पाण्याची चौकशी कुणी केलेली नसते. म्हणून आज कापसाच्या भावावर नाही, धातूवर बोलतो.

लोखंडात किमान १०.५ टक्के क्रोमियम मिसळलं की ते स्टेनलेस. क्रोमियम प्राणवायूशी मिळून वर एक पापुद्रा धरतं. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा, त्यातले दोन-तीन भाग, एवढाच जाड. सगळी राखण त्याची. ओरखडा पडला तरी प्राणवायू मिळाला की तो पुन्हा धरतो.

त्याचा वैरी क्लोराइड, आपल्या मिठात असतो तोच. पोलादात कुठे गंधकाचा बारीक कण राहिलेला असतो, तिथे क्लोराइड पापुद्रा फोडतो. पुढचं काम गुलाबी बोंडअळीसारखं. अळी आत शिरल्यावर बोंडाचं छिद्र बुजतं, वरून बोंड हिरवंगार, आत सरकी खाल्लेली. इथेही खड्ड्याचं तोंड बारीक राहतं. आत धातू विरघळतो, त्यातून आम्ल तयार होतं, आम्ल आणखी धातू खातं आणि बाहेरचा क्लोराइड आत ओढला जातो. भोवतीचा सगळा चकचकीत पत्रा त्या टाचणीएवढ्या जागेची झीज वाढवत असतो. वजन करून पाहिलं तर घट दिसणार नाही, पण पाइप गळतो.

फटीचं दुखणं याहून वाईट. वायसरखाली, रबरी पॅकिंगखाली, क्लँपमध्ये, गाळाच्या थराखाली पाणी कोंडून राहतं. त्यातला प्राणवायू संपतो, नवा पोचत नाही, पापुद्रा दुरुस्त होत नाही आणि तेच आम्ल साचतं. खड्डा पडायला जेवढे क्षार लागतात, त्याहून कमी क्षारांत फट कुजते. जोडाजवळ आधी भोक पडतं ते यामुळे.

आता जात. ३०४ नंबरात साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये त्यावर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम, म्हणून ते क्षाराला जास्त टिकतं, आणि महागही पडतं. २०० मालिकेत निकेल कमी, मँगनीज जास्त. स्वस्त भांडी बहुधा त्याचीच. लोहचुंबक लावून पाहण्यात अर्थ नाही, तो ३०४ ला चिकटत नाही तसा २०२ लाही चिकटत नाही. ढोबळ हिशेब असा: साध्या तापमानाला लिटरमागे २०० मिलिग्रॅम क्लोराइडपर्यंत ३०४, हजारापर्यंत ३१६. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या आपल्या भावांना हा हिशेब जास्तच लागू.

आमच्या आज्या लोणचं चिनी मातीच्या बरणीत भरत, त्यांना हे ठाऊक होतं. स्टीलच्या पातेल्यात मीठ गार पाण्यात टाकून तसंच बुडाशी बसू देऊ नका. उकळी आल्यावर टाका आणि ढवळा.

बोअरचं पाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून तो कागद घेऊन दुकानात जा. बिलावर नुसतं 'एसएस' नको, ३०४ की ३१६ ते लिहून घ्या. मग 'तुमचं पाणी खराब' म्हणणाऱ्याला जिल्हा ग्राहक आयोगापुढे उभं करता येतं. कोऱ्या बिलावर काही येत नाही. ठिबक धुवायला हायड्रोक्लोरिक आम्ल वापरणाऱ्या द्राक्षवाल्यांनी स्टीलचे भाग त्यापासून लांब ठेवावेत, ते आम्ल म्हणजे क्लोराइडच. आणि मोटर महिनोन् महिने बंद ठेवू नका. वीज असेल त्या दिवशी, आठवड्यातून एकदा, थोडा वेळ पाणी वाहू द्या.