डोळे फिरवून जखम भरते का?

(धाराशिव इथं युवक कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा जमेल तेवढी तशीच ठेवली आहे.)



सकाळपासून इथं जमीन, शिष्यवृत्ती आणि ॲट्रॉसिटीचे खटले यावर बोलणं झालं. मला दिलेला विषय आहे मन. विषय ऐकून मागचे काही जण गालात हसले. हसा. आपल्याला लहानपणापासून हेच शिकवलंय की मन ही पांढरपेशांच्या कवितेतली चीज आहे. आपल्या वाट्याला हात, पाय, पोट आणि पाठ. हात राबायला, पाठ मार खायला. मनबिन लागायला सवड कुणाला?

पण मी विचारतो, वस्तीवर हल्ला झाल्यावर चार वर्षांनीसुद्धा फटाका वाजला की एखादी माय पोरं घेऊन खाटेखाली का शिरते? कोर्टात साक्षीला उभा राहिलेला तगडा गडी आरोपीचं तोंड बघताच मुका का होतो? त्याला फितूर म्हणून आपण मोकळे होतो. कधी कधी तो फितूर नसतो. त्याचं अंग त्या क्षणी परत त्या रात्रीत गेलेलं असतं.

याला आघात म्हणतात. साधी आठवण जुनी होते, फिकी पडते, ‘झालं गेलं’ या खात्यात जमा होते. आघाताची आठवण तशी जमा होत नाही. ती वास, आवाज, थरकाप यांच्यासकट तशीच ताजी राहते आणि बारीकशा निमित्तानं उसळते. झोप उडते, माणूस दचकतो, त्या रस्त्यानं जायचं टाळतो, दारूत बुडतो, घरच्यांवर हात टाकतो. डॉक्टरी पुस्तकात याचं नाव आघातोत्तर तणाव विकार.

हे नाव पुस्तकात कसं आलं तेही ऐका. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या आजारांच्या यादीत ते शिरलं १९८० साली. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले आणि त्याच युद्धाविरुद्ध उभे राहिलेले शिपाई एकत्र बसून बोलू लागले, त्यांच्या बाजूचे काही डॉक्टर भांडले, म्हणून शिरलं. त्याच दशकात बलात्काराच्या जखमेला नाव मिळावं म्हणून स्त्रियांची चळवळ झगडली. म्हणजे हे नाव कुणी साहेबानं मेहेरबानी म्हणून दिलेलं नाही. ते चळवळीनं मिळवलेलं आहे. आपण ते वापरायला लाजायचं कारण नाही.

आता आपल्या जिल्ह्याचं. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बुडवून लोक झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी लातूर जिल्ह्यातलं, पण उमरगा-लोहारा भाग, सास्तूर, हे आपलं. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर बसली. दोन जिल्ह्यांत मिळून हजारो माणसं मेली. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. माझी धाकटी बहीण त्यात गेली.

मदत आली, परदेशातून आली, तंबू आले, बिस्किटं आली. पुढं पुनर्वसनाची घरं आली आणि त्यांचं माप ठरलं जमिनीवरून. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्याच्या वर ७५०. भूकंपानं सगळ्यांना सारखं गाडलं, सरकारनं सातबारा बघून उभं केलं. ज्याला सातबाराच नाही त्याचं दुःखही २५० चौरस फुटांचं! मनाचं तर माप काढायलाही फार कुणी आलं नाही. काही डॉक्टर आले, त्यांनी वाचलेल्या थोड्या लोकांना तपासलं, १९९६ साली अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या मासिकात अहवाल छापला. तपासलेल्यांत निम्म्याहून जास्त माणसांना मनाचा आजार निघाला. अहवाल तिकडं छापला, माणसं इकडं जागीच राहिली.

ज्या उपचाराबद्दल मी बोलणार आहे त्याचं नाव ईएमडीआर. डोळ्यांच्या हालचालीच्या मदतीनं आठवणीची धार बोथट करायची आणि ती नीट जागी लावायची, असा त्याचा अर्थ. फ्रान्सिन शपिरो नावाच्या अमेरिकन बाईंना १९८७ साली बागेत फिरताना जाणवलं की त्रासाचे विचार मनात असताना डोळे इकडून तिकडे भराभर फिरले की विचारांची धार कमी होते. त्यांनी १९८९ साली त्यावरचा पहिला अभ्यास छापला. आपल्या देशात २००१ च्या गुजरात भूकंपानंतर या पद्धतीचं प्रशिक्षण देणारे लोक आले आणि तिथून ती पसरली. किल्लारीला ती आठ वर्षं उशिरा म्हणा, किंवा आलीच नाही म्हणा. मी ती घेतली ती मोठेपणी, पुण्याला, पदरचे पैसे मोडून. म्हणून ऐकीव सांगत नाही.

तर बैठकीत होतं काय?

पहिल्याच दिवशी कुणी बोटं फिरवत नाही. पहिल्या एकदोन बैठका नुसत्या विचारपुशीच्या. काय घडलं, झोप कशी आहे, दारू किती, जीव द्यावासा वाटतो का, घरी आधाराला कोण आहे. मग तयारी. मन उसळलं तर शांत कसं करायचं ते आधी शिकवतात. जिथं सुरक्षित वाटतं अशी एक जागा मनात पक्की करायला सांगतात. मला देऊळ-बागबगीचा काही सुचेना, मी आमच्या बुद्धविहाराची पायरी धरली. हाताची एक खूण ठरवतात, ती केली की काम तिथंच थांबतं. ही खूण महत्त्वाची. लगाम तुमच्या हातात राहतो. आजवर आपल्या अंगावर जे जे झालं ते आपल्याला न विचारता झालं. इथं थांबवायचा हक्क पहिल्या दिवशी मिळतो.

मग एक आठवण निवडायची. तिचं सगळ्यात वाईट चित्र कोणतं? ते बघताना स्वतःबद्दल कोणतं वाक्य मनात येतं? माझं वाक्य होतं, ‘माझ्यामुळं गेली.’ त्याऐवजी कोणतं वाक्य खरं वाटलं तर बरं होईल? मी म्हणालो, ‘मी नऊ वर्षांचं पोर होतो.’ हे दुसरं वाक्य आता किती खरं वाटतं, एक ते सातमध्ये सांगा. मी दोन म्हणालो. त्रास किती, शून्य ते दहामध्ये सांगा. मी नऊ म्हणालो. अंगात कुठं जाणवतं? छातीत आणि उजव्या हातात.

मग खुर्ची जरा तिरकी, जवळ. समोरचा माणूस दोन बोटं तुमच्या डोळ्यांसमोर डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं फिरवतो. मान हलवायची नाही, नुसत्या डोळ्यांनी बोटांमागं जायचं, आणि मनात ते चित्र धरायचं. अर्धा मिनिट, कमीजास्त. मग थांबायचं, श्वास घ्यायचा. ‘आता काय येतंय?’ जे येईल ते एका वाक्यात सांगायचं. परत बोटं. असं तासभर, कधी दीड तास. डोळे दुखत असले तर हातांवर आळीपाळीनं थापट्या मारतात नाहीतर कानात आवाज देतात.

हे संमोहन नव्हे. तुम्ही पूर्ण जागे असता. आणि सगळी हकीकत तोंडानं सांगावीच लागते असंही नाही. आपल्या बायाबापड्यांना हे मुद्दाम सांगा. पोलिसांत सांगून झालं, डॉक्टरला सांगून झालं, वकिलाला सांगून झालं, वार्ताहराला सांगून झालं. प्रत्येक वेळी ती बाई परत नागवी झाली. इथं चित्र तिच्या मनात असतं, समोरच्याला पुरतं कळलं नाही तरी काम चालतं.

काय काय येईल? रडू येईल. थंडी वाजेल. मातीचा, रॉकेलचा वास येईल. दुसरीच विसरलेली गोष्ट वर येईल. कधी काहीच येणार नाही, तेही चालतं. मला तिसऱ्या बैठकीत मास्तर आठवले, शाळेत वेगळं बसवणारे. भूकंपाशी त्यांचा काय संबंध? पण ‘माझीच चूक’ हे वाक्य भूकंपानं शिकवलं नव्हतं. ते आधीच पेरलेलं होतं, भूकंप त्याच्यावर येऊन पडला. जातीनं जन्मापासून जे मनात कोंबलं ते असं खालून निघतं. बाबासाहेबांनी लहानपणीच्या गोरेगावच्या प्रवासात झालेला अपमान मोठेपणी लिहून ठेवला आणि त्याचा ठसा पुसला गेला नाही असं सांगितलं. एवढ्या मोठ्या माणसाची ही गोष्ट, तुमच्याआमच्या मनावर ओरखडा नसेल कसा?

त्रासाचा आकडा खाली आला की चांगलं वाक्य पक्कं करतात, मग डोक्यापासून पायापर्यंत अंग तपासायला सांगतात, कुठं ताण उरलाय का. शेवटी शांत करूनच घरी पाठवतात. पुढच्या बैठकीला काय टिकलं ते पाहतात. मधले दोनतीन दिवस वाईट स्वप्नं पडू शकतात, माणूस चिडतो, थकतो. तेव्हा घाबरून सोडू नका, पण सांगा. एकाच घटनेची जखम असली तर सहा ते बारा बैठकांत बराच फरक पडतो. वर्षानुवर्षं मार खाल्लेल्याला जास्त वेळ लागतो, नुसती तयारीच काही महिने चालते.

मग काय जादू झाली? नाही. बहीण परत आली नाही, आठवण पुसली गेली नाही. ती आठवण आता आठवण झाली. पहाटे चारला उठायचो, आता उठत नाही.

आपण विज्ञान मानणारे लोक आहोत, तेव्हा उलटं मतही ऐका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ साली या विकारासाठी ज्या उपचारांची शिफारस केली त्यात हा आहे. आघातावर लक्ष देणारी विचार-वर्तन पद्धतीची चिकित्साही त्यात आहे आणि तीही तेवढीच उपयोगी दिसते. भांडण आहे ते बोटांवर. काही संशोधक म्हणतात, आठवणीला सुरक्षित जागी सामोरं जाणं हेच औषध, डोळे फिरवणं शोभेचं. दुसरे म्हणतात, एका वेळी डोळे फिरवणं आणि चित्र धरणं ही दोन कामं डोक्याला जड जातात, म्हणून चित्र फिकं पडतं. वाद मिटलेला नाही. उपयोग होतो, का होतो यावर वाद आहे, एवढंच प्रामाणिकपणे सांगायचं.

बाजारही सुरू आहे. मोबाइलवर फिरणारा ठिपका बघून एकट्यानं हे करू नका. चार दिवसांचं शिबिर करून दुकान मांडणाऱ्याकडं जाऊ नका. मूळ शिक्षण काय, या पद्धतीचं मान्य प्रशिक्षण घेतलंय का, हे तोंडावर विचारा. ज्याला भास होतात, ज्याची शुद्ध हरपते, ज्याच्या मनात मरणाचा विचार आहे, त्याला आधी सावरावं लागतं.

आता आपले दोन प्रश्न.

पहिला. कार्यकर्ते मला विचारतात, हे करून राग थंड होणार नाही का? अन्याय समाजाचा आणि उपचार माझ्यावर? प्रश्न बरोबर आहे. पण राग आणि थरकाप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९७८ साली नामांतराचा ठराव झाल्यावर मराठवाड्यात वस्त्या पेटवल्या, पोचीराम कांबळेंना मारलं. ते मनात जळत राहिलं पाहिजे. पण ज्याला रात्रभर झोप नाही, ज्याचे हात कापतात, तो मोर्चात किती दिवस टिकेल? थरकाप गेला की राग डोळस होतो. १९४१ साली बाबासाहेब कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेला आले, तेव्हा जमलेल्या माणसांनी भीती झटकूनच तिथवर पाय उचलला होता.

मात्र एक खोट या शास्त्रातच आहे. ‘आघातोत्तर’ म्हणताना ते गृहीत धरतं की आघात संपलाय. आपल्याकडं संपतो कुठं? मारणारा जामिनावर सुटून समोरच्याच गल्लीत मिशीला पीळ देत बसलेला असतो. तिथं बोटं फिरवून भागत नाही. तिथं आधी संरक्षण, जामिनाला विरोध, राहायला सुरक्षित जागा. भीती खरी असेल तर ती आजार नव्हे, शहाणपण आहे.

दुसरा प्रश्न साक्षीचा. या उपचारानं चित्र फिकं होऊ शकतं, आणि आरोपीचा वकील तेच धरून बसेल की उपचारानं आठवण बदलली. म्हणून खटला चालू असेल तर सुरू करण्याआधी आपल्या वकिलाशी बोला. मॅजिस्ट्रेटपुढचा जबाब, पूर्वीचं कलम १६४, आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १८३, आधी नोंदवून घ्या. पण निर्णय त्या बाईचा, त्या माणसाचा. खटला जिंकायचाय म्हणून तुझी जखम उघडी ठेव, असं सांगायचा अधिकार चळवळीलाही नाही.

शेवटचं, कामाचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १८ वाचा. सरकारी खर्चानं चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा हक्क आहे, आणि जातीवरून भेदभाव करायचा नाही हे त्यात शब्दात लिहिलंय. १४४१६ हा टेली-मानसचा फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं, तो प्रत्येक विहाराच्या भिंतीवर रंगवा. त्यावर बोटं फिरवणार नाहीत, पण पहिला धागा मिळेल. आणि जिल्हा रुग्णालयात अर्ज द्या, आघातावर उपचार करायला शिकलेला माणूस इथं कोण, आठवड्यातून किती दिवस बसतो, उमरगा-भूम-परांड्याला कधी जातो? लेखी उत्तर मागा. नसेल तर नेमा म्हणून धरणं धरा. पुण्याला पदरचे पैसे मोडून जाणं मला जमलं. ऊसतोडीला जाणाऱ्या माझ्या बहिणींना ते जमणार नाही, आणि जखम त्यांची माझ्यापेक्षा खोल आहे.

रस्ता मागितला, पाणी मागितलं, नाव मागितलं. आता शांत झोप मागू. तीही आपल्या हक्काची आहे.

जय भीम.